घाट, चकती आणि तीन बादल्या पाणी

ब्रेकचे पेडल एरवी जिथे पायाला ठामपणे लागते, तिथे त्या दिवशी ते लागले नाही. थोडे खाली गेले. पुढच्या वळणावर आणखी खाली. तिसऱ्या वळणावर पायाखाली ओला स्पंज दाबल्यासारखे वाटले आणि गाडी, जी एव्हाना निम्म्या वेगावर यायला हवी होती, ती तशीच निघाली होती.

जानेवारी २०२३ मधली ही गोष्ट. मेहुण्यांकडे खेडला निघालो होतो. आईला जुन्या महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर पाहायचे होते, म्हणून पुण्याहून वाट वाकडी करून महाबळेश्वर गाठले आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरायला लागलो. गाडीत आई, सौ., मी आणि मेहुण्यांसाठी घेतलेल्या स्ट्रॉबेरीच्या चार पेट्या. आई मागे डुलक्या घेत होती. सौ. म्हणाली, ‘‘काहीतरी जळल्याचा वास येतोय का हो?’’ मी म्हणालो, ‘‘बाहेरून येत असेल.’’

वास आमचाच होता. मी दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडले, हँडब्रेक एकेक दाता करून ओढत आणला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला चाटवून उभी केली. आई जागी होऊन म्हणाली, ‘‘आलं का खेड?’’

पुढच्या चाकांतून धूर निघत होता. सौ. पाण्याची बाटली घेऊन उतरली आणि चाकावर ओतणार, तेवढ्यात मागून आलेल्या एस.टी.च्या चालकाने गाडी थांबवून वरूनच ओरडून सांगितले, ‘‘वहिनी, पाणी नका टाकू! चकती तडकंल.’’ मग खाली उतरून त्याने आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे पाहिले. ‘‘काका, कितव्या गिअरात उतरत होता?’’

‘‘चौथ्या,’’ मी म्हणालो, तेही हळूच.

‘‘ज्या गिअरात चढता, त्याच गिअरात उतरायचं. अर्धा-पाऊण तास थांबा. मग जावा सावकाश.’’ एवढे बोलून तो गेला. चाळीस मिनिटांनी पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट झाले, जणू काही घडलेच नव्हते.

आता एक कबुली देऊन टाकतो. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. आणि त्याच माणसाने सव्वा हजार मीटरच्या उतारावर ती ऊर्जा कुठे जाणार याचा एकदाही विचार केला नव्हता. गटाराकाठच्या दगडावर बसून मी मनातल्या मनात हिशेब मांडला. गाडी, माणसे आणि सामान मिळून साधारण चौदाशे किलो. महाबळेश्वर ते पोलादपूर उंचीतला फरक सव्वा हजार मीटर धरा. गुणाकार केला तर सुमारे एक कोटी सत्तर लाख ज्यूल येतात. एक लिटर पाणी उकळायला सव्वातीन लाखांच्या आसपास लागतात. म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या त्या उतारात माझी गाडी पन्नास-पंचावन्न लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार करणार होती. आंघोळीच्या तीन बादल्या, कढत! यातला काही वाटा हवा घेते, काही टायर घेतात. इंजिनाला घेऊ दिला तर मोठा वाटा इंजिन घेते. चौथ्या गिअरात मी तो घेऊ दिला नव्हता. उरलेले सगळे त्या दोन लोखंडी चकत्यांच्या गळ्यात.

चिरंजीवांना रात्री फोनवर सांगितले, ‘‘घाटात ब्रेक गेले होते.’’ चौथ्या गिअरचे सांगितले नाही. ते हिंजवडीत नोकरी करतात आणि गाड्यांचे जबर वेड. ‘‘बाबा, डिस्क बदलायलाच हव्यात. मोठ्या टाकू. ड्रिल्ड, स्लॉटेड. मी बघतो.’’ मी ‘‘बरं’’ म्हणालो. दोष गाडीवर जात होता आणि मला ते सोयीचे होते.

ज्याला आपण गॅरेजात डिस्क म्हणतो, अमेरिकेत रोटर म्हणतात, ती वस्तू दिसायला अगदी साधी. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, मधोमध टोपी असलेली चकती. चाकाबरोबर ती फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, पण प्रतिष्ठा मिळायला १९५३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या सी-टाइप गाडीने जिंकली, आणि तिच्या चाकांत डिस्क होत्या. तासन्‌तास ब्रेक मारूनही ते दमत नाहीत, हे साऱ्या मोटारजगाने पाहिले.

आपल्याकडे मात्र माझ्या पिढीने गाडी शिकली ती ड्रमवर. माझी पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. चारही चाकांना ड्रम. पावसाळ्यात डबक्यातून गेले की ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडे ओढायची, म्हणून डबके ओलांडले की हलका पाय ठेवून ड्रम वाळवायचे, हे शिकवावे लागत नसे. बोरघाट उतरताना पद्मिनीला दुसऱ्या गिअरशिवाय कोणी सोडत नसे, कारण तिच्या ब्रेकवर कोणाचाच भरवसा नव्हता. पुढे डिस्क आल्या, पाय अलगद ठेवला तरी गाडी थांबवणारा बूस्टर आला आणि माझ्यासारख्यांची ती सवय हळूहळू सुटली. शिवाय मनात एक जुनी समजूत घर करून होती, की वरच्या गिअरात उतरले की पेट्रोल वाचते. आजच्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ते खरे नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी गिअरात उतरत असली की इंजिनाचे पेट्रोल बंदच होते. हे मला कळले तेव्हा माझ्या पदरी चाळीस वर्षांचे ड्रायव्हिंग होते.

आमच्या मेकॅनिकला सगळी पेठ ‘मामा’ म्हणते. त्यांनी चाके काढली. डिस्कचा रंग काही ठिकाणी निळसर झाला होता. मामांनी व्हर्नियर लावून सांगितले, ‘‘एकवीस आहे सर. चालंल अजून.’’ डिस्कच्या टोपीवर बारीक अक्षरांत किमान जाडी कोरलेली असते, आमच्या डिस्कवर वीस मिलिमीटर होती. नवी असताना बावीस. पण मास्तरकीची खोड कुठे जाते? डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोहोचत नाही, तिथे न झिजलेली एक गंजकी कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवरच टेकतात. मी घरून स्क्रू गेज आणला आणि कडेच्या आत, प्रत्यक्ष घासल्या जाणाऱ्या भागावर मोजले. एकोणीस पूर्णांक सहा. मामा गेजकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘हे यंत्र मला ठेवता का सर?’’

जाडीचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारील. कारण ब्रेकची डिस्क हे मुळात उष्णता साठवायचे भांडे आहे. शंभराच्या वेगातली आमची गाडी एकदा कचकन थांबवली, तर पुढच्या दोन डिस्कचे तापमान एका दमात ऐंशी-नव्वद अंशांनी चढते. ही उष्णता हवेत जायला वेळ लागतो, तोवर ती लोखंडातच राहते. लोखंड जितके जास्त, तितकी तापमानवाढ कमी. झिजलेली डिस्क म्हणजे लहान भांडे, लवकर उतू जाणारे. आणि उतू जाते ते कुठे, तर पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये.

या ऑइलपाशी माझी दुसरी कबुली आहे. पॅड तापून बोथट झाले तर पेडल घट्टच राहते, फक्त गाडी थांबत नाही. पेडल खाली जाऊ लागले तर समजावे, की ऑइल उकळले आहे. उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. आपण पायाने डिस्क नाही, बुडबुडे दाबत असतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर तोच आकडा १५५ वर येतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. मामांनी पेनासारखे एक यंत्र टाकीत बुडवले आणि लाल दिवा लागला. ‘‘सर, मागच्या खेपेला बोललो होतो.’’ बोलले होते. त्याच्या आधीच्या खेपेलाही बोलले होते. मी दोन्ही वेळा ‘‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’’ म्हणालो होतो. सहा वर्षे झाली होती.

‘‘घरी सांगू नका,’’ असे काही मी म्हणालो नाही. पण माझ्या चेहऱ्यावर ते असावे.

डिस्क तर बदलायच्याच होत्या. लेथवर फेसिंग मारून घेण्याचा मार्ग किमान जाडीच्या खाली गेल्यावर बंद होतो. प्रश्न होता, कोणत्या घ्यायच्या. चिरंजीव शनिवारी आले ते मोबाइलवर चित्रे घेऊनच. एकात डिस्कला चाळणीसारखी भोके, दुसऱ्यात वळणदार खाचा, तिसऱ्यात दोन्ही. लाल रंगाचे जाडजूड कॅलिपर. दिसायला काय देखणी! मी विचारले, ‘‘भोके कशाला?’’

‘‘कूलिंगला.’’

हे अर्धवट खरे आहे. पूर्वीच्या पॅडमधली राळ तापली की तिचा वायू व्हायचा आणि तो पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकायचा. त्याला वाट मिळावी म्हणून भोके आली. आजच्या चांगल्या पॅडना ती अडचण फारशी उरलेली नाही. पावसात डिस्कवरचे पाणी निपटायला भोकांची थोडी मदत होते, हे कोकणात जाणाऱ्याने नाकारू नये. पण जिथे भोक पडले तिथले लोखंड गेले, म्हणजे भांडे लहान झाले. वर तापणे आणि निवणे सारखे चालू राहिले, की भोकांच्या कडेपासून बारीक तडे जायला सुरुवात होते. साधी डिस्क आणून तिला ड्रिलने भोके पाडून विकणारेही असतात, त्यांच्यापासून तर चार हात लांबच राहावे. शर्यतीत बिडाच्या डिस्क वापरणारे बहुतेक जण भोकांऐवजी खाचा पसंत करतात. खाचा पॅडचा चकाकलेला थर खरवडत राहतात. मात्र पॅड लवकर झिजतात आणि दाबल्यावर घरघर ऐकू येते. आईला गाडीत झोप लागली पाहिजे, ही आमच्या घरची अट असल्याने तो विषय तिथेच मिटला.

‘‘पण माझ्या बाइकच्या डिस्कला भोके आहेतच की,’’ चिरंजीव म्हणाले. आहेत. ती डिस्क पातळ, स्टेनलेस पोलादाची आणि चारी बाजूंनी उघड्या हवेत. बाइकच्या चाकात प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. चौदाशे किलोच्या डोक्यावर तिची टोपी बसत नाही.

मोठ्या डिस्कचा मुद्दा जास्त खरा होता, हे मान्य करतो. डिस्कचा व्यास वाढला की लोखंड वाढते आणि पॅडची पकडही चाकाच्या मध्यापासून लांब जाते, त्यामुळे तेवढ्याच दाबाला जोर जास्त मिळतो. पण गाडी शेवटी थांबते ती टायरवर. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसची थरथर पायाला जाणवत असेल, तर ब्रेकने टायरची पकड आधीच संपवलेली आहे. डिस्क टोपलीएवढी केली तरी एकदाच मारलेल्या ब्रेकमध्ये गाडी अलीकडे थांबणार नाही. फायदा होईल तो पुनःपुन्हा ब्रेक मारताना. शिवाय मोठ्या डिस्कला मोठे रिम हवे, कॅलिपरचे नवे ब्रॅकेट हवे. पुढचा जोर वाढला की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो, आणि तो तोल कारखान्यात कित्येक चाचण्यांनंतर बसवलेला असतो. भरीला मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल करू नये, असे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल, हे चिरंजीवांनी स्वतःच बोलून दाखवले. कार्बन-सिरॅमिक डिस्कची चित्रेही त्यांनी दाखवली. त्या हलक्या असतात, उन्हाला-पावसाला गंजत नाहीत, आणि त्यांच्या किमतीत आमच्यासारख्या दोन जुन्या गाड्या येतील.

तेव्हा मूळ मापाच्याच, पण चांगल्या डिस्क घ्यायच्या असे ठरले आणि आम्ही दोघे नाना पेठेत गेलो. तिथल्या एका दुकानात एकाच मापाच्या दोन वेगवेगळ्या बनावटीच्या डिस्क समोर आल्या. दोन्ही व्हेंटिलेटेड, म्हणजे दोन चकत्या आणि मधे पंख्यासारख्या पट्ट्या. आतून हवा खेचून बाहेर फेकणाऱ्या. जाडी सारखी, व्यास सारखा, किमतीत थोडा फरक. मी दुकानदाराला म्हणालो, ‘‘वजनकाटा आहे का?’’

‘‘काका, डिस्क नगावर विकतो, किलोवर नाही.’’

तरी त्याने काटा काढला. एकीचे वजन दुसरीपेक्षा जवळजवळ चारशे ग्रॅमने जास्त भरले. हलकीच्या मधल्या फटीत वाकून पाहिले, तर फट रुंद आणि बाहेरच्या दोन्ही चकत्या पातळ. रुंद फट हवेला चांगली, असे चिरंजीवांचे म्हणणे. महामार्गावर ते पटले असते. शंभराच्या वेगात चाक मिनिटाला नऊशे फेरे घेते, पंखा जोरात चालतो. पण घाटात तिशीच्या वेगात पावणेतीनशे फेरेसुद्धा होत नाहीत. त्या पंख्याने काय वारा येणार? तिथे भरवसा लोखंडाचाच. आम्ही जड जोडी घेतली. दुकानदाराने जाताना विचारले, ‘‘सर, भंगारात देणार का काय परत?’’

जुन्या डिस्कवर ब्रेक मारताना स्टिअरिंग थोडे थरथरत असे. ‘‘डिस्क बेंड झालीय,’’ असे आपण सरसकट म्हणतो. मामांनी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. गंजाचा एखादा कपचा डिस्कच्या मागे राहिला तर ती केसाच्या जाडीएवढी वाकडी बसते, हजारो फेऱ्यांत एकाच जागी पॅडला घासते, तिथली जाडी बदलते, आणि मग थरथर सुरू होते. नवीन डिस्क घालून हब न घासणे म्हणजे धुतलेल्या कपड्यांवर न धुतलेला कोट चढवणे. नव्या डिस्कवरचे तेल पुसले, पॅड नवे टाकले, ऑइल डॉट ४ भरून हवा काढली. चाकाचे नटही मामांनी आडव्या-उभ्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळले. नट वेडेवाकडे आवळले तरी तीच थरथर परत येते.

मग रविवारी पहाटे पाचला पाषाणच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. नव्या पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. साठाच्या वेगावरून वीसवर आणायचे, पूर्ण थांबायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा. दहा वेळा. पाचव्या खेपेला तोच जळका वास आला आणि माझ्या पोटात गोळा आला. ‘‘बाबा, हा नॉर्मल आहे,’’ चिरंजीव म्हणाले. नंतर वीस मिनिटे ब्रेक न वापरता नुसते फिरलो, डिस्क निवाव्यात म्हणून. पहाटेचा चहा त्यांनी पाजला.

मार्चमध्ये पुन्हा खेडला जायचे निघाले. आई म्हणाली, ‘‘त्याच रस्त्याने जाऊ. मागच्या वेळी मला घाट दिसलाच नाही.’’ या वेळी गाडी चिरंजीवांच्या हातात होती आणि मी शेजारी. महाबळेश्वर सोडले, वाडा कुंभरोशीच्या फाट्यावर प्रतापगडाची पाटी मागे गेली. दुसरा गिअर. इंजिनाचा एकसुरी आवाज, ब्रेक फक्त वळणाआधी, थोडा वेळ, नीट दाबून आणि मग सोडून. सतत पाय टेकवून ठेवणे नाही. माझा पाय मात्र प्रत्येक वळणाला पायाखालची मॅट दाबत होता.

ते गटार आले. मीच म्हणालो, ‘‘थांब जरा इथे.’’ आणि सांगून टाकले. चौथा गिअर, सहा वर्षांचे ऑइल, मामांनी दोनदा दिलेला इशारा, सगळे. सौ. मागून काहीच बोलली नाही, हे जास्त वाईट होते.

चिरंजीव स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत होते. ‘‘मला माहीत होतं, बाबा. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तुम्ही डिस्क वजन करून घेत होतात ना,’’ ते म्हणाले, ‘‘म्हटलं, होऊ दे.’’

पोलादपूरला उतरून मी रिमच्या फटीजवळ हात नेला. गरम होते, पण हात ठेवता येत होता. आईने काच खाली करून विचारले, इथे चहा बरा मिळतो का.